तरुणांची पत्रं: फोन, मैत्री आणि शुद्धता

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाची आहेत: शुद्धता, म्हणजे लैंगिक बाबतीतला संयम. नावं आणि गावं काढून टाकली आहेत, मजकूर थोडा आवरता घेतला आहे. उत्तरं एक धर्मगुरू, एक समुपदेशक धर्मभगिनी आणि एक डॉक्टर यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: मी सोळा वर्षांचा आहे, अकरावीत. दीड वर्षापासून मोबाइलवर पॉर्न बघायची सवय लागली आहे, त्यासोबत हस्तमैथुनही होतं. कन्फेशनला (फादरांपुढे पापनिवेदनाला) जातो, आठवडाभर बरा राहतो, पुन्हा तेच. त्याच फादरांना तेच तेच सांगायची लाज वाटते म्हणून दोन महिने गेलोच नाही. म्हणून मिस्सेत कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेत नाही, तर आई कारण विचारते. मी यातून सुटेन का?

उत्तर: सुटशील. पण ‘उद्यापासून कधीच नाही’ या शपथेने नाही. ही शपथ साधारणपणे रात्री बारा वाजता, शरमेच्या भरात घेतली जाते आणि तिच्यात उद्याची रात्र कशी घालवायची याचा एक शब्दही नसतो. म्हणून ती टिकत नाही. कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात (परिच्छेद २३४२), स्पष्ट म्हटलं आहे की स्वतःवर ताबा मिळवणं हे लांबलचक आणि कष्टाचं काम आहे, ते एकदाच कायमचं पदरात पडत नाही. पुढच्याच परिच्छेदात म्हटलं आहे की शुद्धतेलाही वाढीचे टप्पे असतात. तू अपयशी नाहीस, उमेदवारी करतो आहेस.

आधी दोन आठवडे फक्त नोंद ठेव. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने पुरे: वार, वेळ, जागा, त्याआधी काय चाललं होतं. काय झालं ते लिहायची गरज नाही, एक फुली कर. दोन आठवड्यांनी ते पान समोर धर. बहुतेकांच्या पानावर एकच चित्र दिसतं: रात्री अकरानंतर, अंथरुणात, आधी अर्धा-पाऊण तास रील्स, किंवा दुपारी क्लासहून आल्यावर घरात कोणी नसताना, किंवा पेपर वाईट गेला त्या दिवशी. म्हणजे खरी लढाई बारा वाजताची नसते, साडेदहाची असते. बाराला मन हरलेलंच असतं.

मग साडेदहाला काय करायचं? फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, रोज त्याच प्लगला. ‘अलार्मसाठी फोन लागतो’ ही पळवाट बंद करायला साधं गजराचं घड्याळ आण. पहिले चार-पाच दिवस झोप लागणार नाही, हात उशीखाली जाईल. हे अपेक्षितच आहे. त्या वेळेला जपमाळेचं एक दशक (दहा मणी) म्हण, नाहीतर छापील पुस्तक वाच.

गाळणीचा उपयोग होतो, पण तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. घरच्या वाय-फाय राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे (अर्थातच इंग्रजी अंकांत) घातले की क्लाउडफ्लेअरची मोफत गाळणी सुरू होते आणि घरातल्या सगळ्या फोनांवर अश्लील साइट्स उघडत नाहीत. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये प्रौढ साइट्स बंद करता येतात, पासकोड मात्र वडिलांनी किंवा मोठ्या भावाने घालावा, स्वतःच घातलेल्या पासकोडचा काही उपयोग नाही. हे कुठे फसतं तेही सांगतो. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा सुरू केला की राऊटरची गाळणी संपली. व्हीपीएन टाकलं तरी संपली. आणि इन्स्टाग्रामच्या आत जे दिसतं त्याला ती हातच लावत नाही. त्यासाठी तिथलं ‘टीन अकाउंट’ खऱ्या जन्मतारखेने चालवावं लागतं. वय वाढवून खातं उघडलं असेल तर ते बंद करणं हेच पहिलं काम. कार्लो आकुतिस या मुलाला ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद जाहीर झालं. तो संगणकात तरबेज होता, ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची वेबसाइट त्याने बनवली, आणि व्हिडिओ गेमसाठी त्याने स्वतःला आठवड्याला एकच तास ठरवून दिला होता. त्याने यंत्र फेकून दिलं नाही, वेळ बांधून घेतली.

तरीही ओढ येईलच. त्या क्षणी पडून राहून मनाशी वाद घालायचा नाही. ‘नको, नको’ म्हणत त्याच चित्राभोवती मन फिरत राहतं. उठायचं, खोली सोडायची, तोंडावर पाणी मारायचं, भांडी घासायला घे, सायकल काढ. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ, मालक पोटीफरच्या बायकोने गळ घातली तेव्हा, तिच्याशी चर्चा करत बसला नाही. झगा तिच्या हातात टाकून पळाला. लाट चढते तशी ओसरते, जागा बदलली तर लवकर ओसरते.

आणि पडलास, तर त्याच रात्री पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून झोप. ‘आता पडलोच आहे, तर शनिवारी कन्फेशनपर्यंत काय फरक पडतो’ हा विचार पहिल्या पडण्यापेक्षा जास्त नुकसान करतो; एकाचे पाच त्याच्यामुळेच होतात.

आता कन्फेशन. पापाचा प्रकार आणि साधारण किती वेळा, एवढंच सांगायचं असतं. “फादर, माझं शेवटचं पापनिवेदन दोन महिन्यांपूर्वी झालं. मी पॉर्न पाहिलं, आठवड्यातून तीनेकदा, आणि हस्तमैथुन केलं.” तीस सेकंदांत संपतं. कसलं चित्र, कोणती साइट हे सांगायचं नाही आणि विचारलंही जाऊ नये. दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जाऊन अनोळखी फादरांकडे पापनिवेदन करायचा तुला पूर्ण हक्क आहे, चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ९९१, तो देतं. लाजेमुळे दोन महिने थांबण्यापेक्षा ते कधीही बरं. पण आमचं मत विचारशील तर पुढे एकच धर्मगुरू धर. दर वेळी नवा डॉक्टर गाठणाऱ्या रुग्णाला गोळी मिळते, उपचार मिळत नाही. तेच तेच ऐकून फादर कंटाळतील, तुला ओळखून ठेवतील ही भीती काढून टाक. कॅनन ९८३ प्रमाणे कन्फेशनमधलं कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही शब्दांत बाहेर सांगता येत नाही. आईला मात्र एवढंच सांग: “मला आधी कन्फेशनला जायचं आहे.” पुढे विचारू नये हे आयांनीही शिकावं.

एक गोष्ट मुलांच्या मनात नेहमी घोळते. झोपेत वीर्य जाणं हे पाप नाही. मराठीत त्याला ‘स्वप्नदोष’ म्हणतात, दोष फक्त शब्दात आहे. तसंच, रस्त्यात एखादी मुलगी आवडणं, मनात विचार चमकून जाणं हे पाप नव्हे. विचाराला खुर्ची देऊन बसवून घेणं वेगळं. प्राणघातक पापाला, म्हणजे देवाशी नातं तोडणाऱ्या गंभीर पापाला, तीन गोष्टी लागतात: विषय गंभीर हवा, पूर्ण जाणीव हवी आणि मनापासूनची संमती हवी. सवयीचा जोर, भावनिक अपरिपक्वता, मनावरचा ताण यांनी दोष कमी होऊ शकतो हेही कॅटेकिझमच सांगतो (परिच्छेद २३५२). म्हणजे ती गोष्ट ठीक झाली असं नाही. पण ‘मी किती दोषी’ हा हिशोब एकट्याने मांडत बसू नकोस, फादरांवर सोपव. झोप, अभ्यास, जेवण यांवर परिणाम व्हायला लागला असेल, किंवा पूर्वी किळस वाटेल असं काही बघण्याकडे मन ओढत असेल, तर समुपदेशकाकडेही जा. प्रार्थना आणि समुपदेशन ही एकमेकांची सवत नव्हेत.

प्रश्न: मी सतरा वर्षांची, बारावीत. आमचं आठ महिन्यांपासून आहे, तोही कॅथलिक आहे. तो म्हणतो, “प्रेम असेल तर दाखव.” मला तो आवडतो. लग्नापर्यंत थांबायचं हे मला माहीत आहे, पण कुठपर्यंत चालतं ते कोणी नीट सांगत नाही.

उत्तर: नीट सांगतो. लैंगिक संबंध लग्नातले, ही चर्चची शिकवण तुला माहीतच आहे. त्याआधीचं जे काही मुद्दाम एकमेकांना पेटवण्यासाठी केलं जातं, तेही त्याच वाटेवरचं आहे, मग कपडे अंगावर असोत की नसोत. भेटल्यावर हात हातात घेणं, निरोपाची मिठी यात आपुलकी असते. अंधारात अर्धा तास चाललेलं चुंबन वेगळी गोष्ट आहे आणि शरीराला तो फरक बरोबर कळतो. ‘कुठपर्यंत’ असं विचारणं म्हणजे विहिरीच्या कठड्यावरून किती वाकता येईल हे विचारणं. कोणी वीतभर म्हणेल, कोणी हातभर. पण वाकलेल्या माणसाचा तोल त्याच्या हातात राहत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या सभांमध्ये देहाविषयी मोठी प्रवचनमाला दिली. तिचा गाभा मोजमापाचा नाही. माणूस म्हणजे त्याचा देहही, आणि तो देह दुसऱ्याला स्वतःचं दान करण्यासाठी आहे, वापरून घेण्यासाठी नाही, हा तिचा गाभा आहे. “प्रेम असेल तर दाखव” हे वाक्य त्या कसोटीवर घासून बघ. यात तो तुला काही देत नाही, मागतो आहे. आणि नकार दिलास तर प्रेमच खोटं ठरवायची धमकी आत दडलेली आहे.

ठरवायचं ते दुपारी चार वाजता, रात्री आठ वाजता नाही. दोघांनी मिळून, स्पष्ट शब्दांत. वसईच्या सुरुची बागेत सगळ्या ग्रुपबरोबर जाणं आणि घरचे लग्नाला गेलेत म्हणून त्याच्या घरी जाणं यांत तुझा निर्धार किती पक्का हा प्रश्नच उरत नाही, जागाच निर्णय घेते. रिकामं घर, लॉज, मित्राची बंद गाडी हे तीन कायमचे वगळा. आणि वाक्य तयार ठेव, आरशासमोर म्हणून बघ: “तू मला आवडतोस. हे मला नको आहे. परत विचारू नकोस.” कारणं देऊ नकोस. प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर असेल आणि मग ती वकिली होते. नकारानंतर तो दोन दिवस रुसेल. रुसू दे. दोन आठवडे रुसला, किंवा मित्रांत तुझ्याबद्दल बोलायला लागला, तर आठ महिन्यांत जे कळलं नव्हतं ते कळलं.

कायद्याचंही माहीत असू दे. १८ वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची संमती पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा (२०१२), मानत नाही. दोघांची इच्छा होती हा बचाव चालत नाही आणि अशी गोष्ट समोर आली की दवाखान्यालाही पोलिसांना कळवावं लागतं. शुद्ध राहायचं ते यासाठी नव्हे, पण त्यालाही हे सांगून ठेव.

समजा, आधीच पुढे गेलेलं असेल? मग ‘आता काय उरलं’ असं म्हणू नकोस. मुलीची अब्रू म्हणजे काचेचं भांडं, ही म्हण आपल्याकडे आज्या अजून ऐकवतात. ती आपल्या समाजाची म्हण आहे, शुभवर्तमानाची नाही. भांडं फुटलं की फुटलं. शुद्धता मात्र पुन्हा सुरू करता येते, पापनिवेदनानंतर त्याच दिवसापासून. (आणि मुलग्यांसाठी अशी एकही म्हण नाही, हे लक्षात आलं असेलच.) पाळी चुकली असेल तर त्याच आठवड्यात आईला सांग आणि डॉक्टरकडे जा. मेडिकलमधून मित्राकरवी गोळ्या आणून घेणं टाळ. एका जिवाचा प्रश्न तर आहेच, शिवाय त्यातून होणारा रक्तस्राव मुली घरी लपवत राहतात आणि दवाखान्यात येईपर्यंत उशीर होतो.

प्रश्न: रविवारी सकाळी सात ते एक क्लासची टेस्ट सिरीज असते. मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) चुकते. मित्र वर चिडवतात, “तू फादर होणार वाटतं.”

उत्तर: शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते (कॅनन १२४८). रविवारी संध्याकाळीही अनेक चर्चेसमध्ये असते. शेजारच्या धर्मग्रामांच्या वेळा एकदा लिहून घे. चिडवण्यावर म्हण, “अजून ठरलं नाही.” हसून म्हण. ज्याच्यावर चिडवणं चालत नाही त्याला फार दिवस कोणी चिडवत नाही.

प्रश्न: मला मुलगे आवडतात, मी स्वतः मुलगा आहे. देवाला मी चालतो का?

उत्तर: चालतोस. ओढ असणं हे पाप नाही. अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावं, त्यांच्याशी अन्यायाचा कसलाही भेदभाव करू नये असं कॅटेकिझम (परिच्छेद २३५८) सांगतो. शुद्धतेचं पाचारण तुलाही आहे, जसं वरच्या दोघांना आहे. चर्चची शिकवण तुझ्यासाठी अवघड आहे हे आम्ही लपवत नाही. म्हणूनच ते ओझं एकट्याने वाहू नकोस; ऐकून घेणारे एक फादर किंवा सिस्टर शोध. कोणी प्रार्थना करून ‘बरं’ करून देतो म्हणालं, औषध देतो म्हणालं, तर तिथे जाऊ नकोस. घरी कधी सांगायचं हे तू ठरव, घाई नाही. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

प्रश्न: माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या मुलाला स्वतःचा नको तसा फोटो पाठवला. आता तो पैसे मागतो, नाहीतर फोटो पसरवीन म्हणतो. मी तिला मारलं, फोन फोडायला निघाले होते. घरात मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही.

उत्तर: ताई, फोन फोडला नाहीत हे फार बरं झालं, त्यातच पुरावा आहे. आज याच क्रमाने करा. धमकीच्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात त्याचं युजरनेम, तारीख, वेळ आणि पैसे कुठे मागितले तो नंबर किंवा यूपीआय आयडी दिसायला हवा. त्याच्या प्रोफाइलची लिंक वेगळी उतरवून ठेवा. फोटो मात्र कोणालाही पुढे पाठवू नका; बहिणीला नाही, ओळखीच्या माणसाला नाही, ‘बघा काय केलंय’ म्हणून मिस्टरांनाही नाही. अल्पवयीन मुलीचा असा फोटो पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, पाठवणारी आई असली तरी अडचण होते.

पैसे देऊ नका. एकदा दिले की दर वाढतो. पुरावा जमल्यावर त्याला ब्लॉक करा आणि इन्स्टाग्रामवर तक्रार नोंदवा. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. फोटो तिथे पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडेमोडीचा ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो ओळखून काढून टाकतात. व्हॉट्सअॅपच्या बंदिस्त चॅटमध्ये ते पोहोचत नाही, ही तिची मर्यादा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांच्या विभागात करा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो. पोलिसांत जायची भीती असेल, तर पॉक्सोचं कलम २४ लक्षात ठेवा: मुलीचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि रात्री तिला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही.

मिस्टरांना सांगा, पण मुलीच्या समोर नाही आणि त्यांचा राग उतरेपर्यंत तिला त्यांच्यापुढे उभं करू नका. पुढचे काही दिवस तिला घरात एकटी ठेवू नका. अशा धमक्यांपायी मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतात. तुम्ही मारलंत त्याबद्दल तिची माफी मागा. तिची चूक एका फोटोची आहे, गुन्हा त्याचा आहे. आणि ‘चल, कन्फेशनला’ म्हणून तिला ओढत नेऊ नका. ते शिक्षेसारखं वाटलं तर ती त्या दारापासून कायमची लांब जाईल.

प्रश्न: मी चौदा वर्षांची आहे. बारा वर्षांची असताना एका नातेवाइकाने माझ्याशी वाईट केलं. कॅटेकिझमच्या वर्गात शुद्धतेबद्दल सांगितलं की मला रडू येतं. मी आता शुद्ध नाही ना?

उत्तर: तू शुद्ध आहेस. शुद्धता मनाच्या संमतीत असते. तुझ्यावर जबरदस्तीने जे झालं त्याने ती जात नाही. हे आम्ही तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. रोमवरच्या हल्ल्यात ज्या ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले त्यांच्याबद्दल संत अगस्तीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी हेच लिहून ठेवलं आहे. वर्गात संत मरिया गोरेटीची गोष्ट सांगतात, अत्याचाराला विरोध केला म्हणून हल्लेखोराने तिला भोसकलं आणि १९०२ साली वयाच्या अकराव्या वर्षी ती वारली. ‘जिवंत राहण्यापेक्षा मेलेली बरी’ असा त्या गोष्टीचा अर्थ कोणी सांगितला असेल तर तो चुकीचा आहे. तू वाचलीस, हे चांगलं झालं. तुला पापनिवेदन करायचं काही कारण नाही, कारण पाप तुझं नाही.

आता एका मोठ्या माणसाला सांग: आई, मावशी, वर्गशिक्षिका, सिस्टर. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिहून दे. पहिल्याने विश्वास ठेवला नाही, तर दुसऱ्याला सांग. १०९८ ला तू स्वतःही फोन करू शकतेस. दोन वर्षं उलटली म्हणून तक्रार बाद होत नाही. फादरांना सांगायचं असेल तर कन्फेशनच्या बाहेर, ऑफिसमध्ये सांग, सोबत कोणी असेल तर बरं. कन्फेशनमध्ये ऐकलेलं ते कोणालाच सांगू शकत नाहीत, तुझ्या मदतीसाठीसुद्धा नाही. बाहेर सांगितलंस तर कायद्याने त्यांना कळवावंच लागतं. तो नातेवाईक घरी येत असेल तर आजच सांग.

प्रश्न: आम्हाला आमच्या आईवडिलांनी काहीच सांगितलं नाही. आता मुलांना कधी आणि कसं सांगायचं? दहा वर्षांची मुलगी, तेरा वर्षांचा मुलगा.

उत्तर: मुलीला याच महिन्यात, पाळी येण्याआधी. मुलाला उशीरच झाला आहे, तरी आज सांगा. वयाला साजेसं लैंगिक शिक्षण मुलांना मिळालं पाहिजे हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६५ सालीच म्हटलं होतं, म्हणजे आपण साठ वर्षं मागे आहोत. समोरासमोर खुर्ची टाकून ‘तुझ्याशी बोलायचं आहे’ अशी सुरुवात करू नका, मूल गार पडतं. हात कामात असताना बोला: कोळंबी सोलताना, स्कूटर धुताना, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा. एका वेळी दहा मिनिटं, वर्षातून अनेकदा. दोन तासांचं एकच प्रवचन नको. अवयवांना त्यांच्या नावांनी हाक मारा. वडिलांनी मुलाशी बोलायचं, आणि ‘आईला विचार’ म्हणून निसटायचं नाही. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर “उद्या सांगतो” म्हणा आणि उद्या खरंच सांगा. नाहीतर परवा तो गूगलला विचारेल.